विनोबा आणि मेवातची उजाड घरे

आचार्य विनोबा भावे यांचे नाव घेतले की भूदान, पदयात्रा आणि पवनारचा आश्रम या तीन गोष्टी शाळेतील मुलाला चटकन आठवतात. भूदानाच्या आधी तीन वर्षे, म्हणजे १९४८ साली, या मराठी माणसाने दिल्ली, पंजाब आणि मेवात या भागांत निर्वासितांमध्ये काही महिने काम केले. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून क्वचितच येते. स्मरणिकेसाठी त्यांच्या चरित्राचा हाच भाग मुद्दाम निवडला आहे. परभणी जिल्ह्यातील जुन्या घरांना निर्वासित या शब्दाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने कित्येक हिंदू कुटुंबे निजामी सरहद्द ओलांडून पलीकडच्या छावण्यांत गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातील अनेक मुस्लिम कुटुंबांनी खेडी सोडली आणि मोठ्या गावांत नातलगांकडे आसरा घेतला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचे शिष्टमंडळ त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरले. त्याचा अहवाल पुढे कित्येक दशके जनतेसमोर आला नाही. तेव्हा उजाड झालेले घर पुन्हा कसे वसते, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, आताच्या रायगडातील, पेण तालुक्यात गागोदे या लहानशा गावी झाला. वडील बडोद्यास नोकरीला असत, त्यामुळे लहानपण गावी आजोबा आणि आई यांच्या सहवासात गेले. आई रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या. पण मुलाच्या मनाची घडण त्यांनी केली, असे विनोबा जन्मभर मानत आले. अंगणातील फणस उतरला की आधी गावातील प्रत्येक घरी त्याचा वाटा पोचवायचा आणि मग घरच्यांनी खायचा, असा त्या माउलीचा नियम होता. वाटे पोचवण्याचे काम छोट्या विन्याकडे असे. आमच्याकडील माता-भगिनींना यात नवल वाटणार नाही. ईदच्या दिवशी शेजारी शीरखुर्म्याचे वाडगे पोचवल्याखेरीज आपल्याही घरात कोणी पहिला घास घेत नाही.

शिक्षण बडोद्यास झाले. गणितात बुद्धी तल्लख होती, पण पदवीची ओढ नव्हती. आपली प्रमाणपत्रे त्यांनी एके दिवशी आईसमोर चुलीत टाकली. (विद्यार्थी मित्रांनी एवढ्या एका बाबतीत त्यांचे अनुकरण करू नये, पालकांच्या वतीने ही सूचना येथेच करून ठेवतो.) मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. तेथून पत्रव्यवहार करून ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळ कोचरब येथे तो गांधीजींना भेटला. मधला काही काळ वाईला प्राज्ञपाठशाळेत संस्कृताचे अध्ययन झाले, आणि एप्रिल १९२१ पासून वर्धा हे कार्यक्षेत्र ठरले. सूतकताई, सफाई, अध्यापन आणि अधूनमधून तुरुंगवास असा त्यांचा क्रम होता. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले नाव विनोबांचे काढले, तेव्हा देशभर लोक विचारू लागले की हा मनुष्य कोण आहे.

याच काळात त्यांनी कुराण शरीफचा अभ्यास आरंभला होता. प्रथम इंग्रजी भाषांतरे वाचली. पण भाषांतरावर त्यांचे समाधान होईना. १९३९ च्या सुमारास, वयाची चाळिशी उलटल्यावर, ते अरबी अक्षरे गिरवू लागले. डोळे अधू असताना त्यांनी मूळ ग्रंथ वाचला आणि पुन्हा पुन्हा वाचला. शेजाऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर त्याच्या भाषेपर्यंत गेले पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. हा अभ्यास पुढे १९४८ मध्ये उपयोगी पडणार आहे, याची त्यांना तेव्हा कल्पना असणे शक्य नव्हते.

फाळणीनंतर दिल्ली निर्वासितांनी भरून गेली. पश्चिम पंजाबातून आलेले हिंदू व शीख कुरुक्षेत्र, पानिपत, राजपुरा येथील छावण्यांत होते. दिल्लीतील मुसलमान जुना किल्ला व हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात आश्रयाला बसले होते. येथे एका भगिनीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. बेगम अनीस किडवाई यांचे पती शफी अहमद किडवाई यांची १९४७ च्या शरदात मसुरीस हत्या झाली. त्या दुःखात त्या गांधीजींकडे आल्या आणि छावण्यांत काम करू लागल्या. मृदुला साराभाई, सुभद्रा जोशी यांच्या जोडीने त्यांनी आजारी, पोरकी मुले आणि पळवून नेलेल्या स्त्रिया यांच्यासाठी जे श्रम केले, त्याची हकीकत त्यांच्या उर्दू पुस्तकात आहे. पुढे त्या राज्यसभेच्या सभासद झाल्या. आपल्या कन्याशाळांतून हे नाव अधिक माहीत व्हावयास हवे.

दिल्लीच्या दक्षिणेस गुडगाव, अलवर आणि भरतपूर या भागांत पसरलेला प्रदेश म्हणजे मेवात. तेथील मेव हे शेतकरी मुसलमान. नमाज-रोजा इस्लामचा, पण गोत्र पाहून सोयरीक करण्याची चाल आणि कित्येक रीतिरिवाज शेजारच्या हिंदू शेतकऱ्यांसारखेच. १९४७ मध्ये अलवर व भरतपूर संस्थानांत त्यांच्यावर भयंकर अत्याचार झाले. गावेच्या गावे जाळली गेली, हजारो मेव गुडगावच्या बाजूला पळाले आणि अनेकांनी पाकिस्तानची वाट धरली. १९ डिसेंबर १९४७ रोजी गांधीजी घासेडा या गावी गेले आणि त्यांनी मेवांना देश सोडून न जाण्याची विनंती केली. त्या शब्दावर विसंबून पुष्कळजण थांबले. पुढे सहा आठवड्यांत, ३० जानेवारीला, तो शब्द देणारा माणूसच राहिला नाही.

आता पेच काय होता तो पाहा. मेव थांबले खरे, परंतु त्यांची जमीन आणि घरे मोकळी राहिली नव्हती. पंजाबातून सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबांना ती दिली गेली होती, किंवा दिली जाणार होती. म्हणजे एका घरावर दोन निर्वासितांचा हक्क सांगितला जात होता, आणि दोघांचेही दुःख खरे होते. ज्याने लायलपूरकडची शेती गमावली त्याला मेवाचे शेत सोड म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि जो मेव आपल्या बापजाद्यांच्या बांधावर छावणीतून परत येऊ पाहत होता, त्याला तू आता परका आहेस असे तरी कोणी सांगायचे? सरकारी खात्यांतही एकमत नव्हते. मेव गेले तर बरेच झाले, असे मानणारे अधिकारी होते आणि त्यांना परत बसवलेच पाहिजे असे मानणारेही होते.

मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला गांधीजींचे सहकारी एकत्र जमले. पंडित नेहरू, मौलाना आझाद, राजेंद्रबाबू उपस्थित होते. निर्वासितांच्या कामात मदत करावी म्हणून नेहरूंनी विनोबांना गळ घातली. वर्ध्याचा परिसर सोडून फारसे कोठे न जाणारे विनोबा मार्चअखेर दिल्लीस पोचले आणि पुढचे सुमारे सहा महिने त्यांनी या कामाला दिले. सत्ता, हुद्दा, खर्चाची रक्कम यांपैकी त्यांच्या हाती काही नव्हते. छावणीत जावे, लोकांचे ऐकून घ्यावे, त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि ऐकलेले सरकारच्या कानी घालावे, अशी त्यांची रीत. ही रीत वाटते तेवढी सोपी नसते. रागावलेल्या माणसापुढे रिकाम्या हाताने उभे राहणे फार थोड्यांना साधते.

मेवातेत त्यांनी मेवांची बाजू स्पष्टपणे घेतली. जे देश सोडून गेलेच नाहीत त्यांची जमीन टाकून दिलेली समजता येत नाही, हा मुद्दा साधा होता, पण तो दिल्लीत आणि जिल्ह्याच्या कचेरीत पुन्हा पुन्हा मांडणारे कोणी तरी लागत होते. विनोबा आणि त्यांच्याबरोबरचे रचनात्मक कार्यकर्ते यांनी ते केले. छावण्यांतून मेव कुटुंबे टप्प्याटप्प्याने गावांकडे वळू लागली. सर्वांना सर्व काही परत मिळाले नाही. काहींना दुसऱ्याच गावी जमीन पत्करावी लागली, काहींचे तंटे वर्षानुवर्षे चालले, आणि जे सरहद्दीपलीकडे गेले ते बहुतेक गेलेच. पण मेवात ओस पडली नाही. विनोबा परतल्यानंतरही सेवाभावी कार्यकर्ते त्या भागात राहून काम करीत होते. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच होय. पुढारी येतो आणि जातो. कोणाच्या अर्जावर शिक्का बसला नाही, कोणाच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, कोणाचे मूल शाळेत जात नाही, हे पाहायला जवळ राहणारा माणूस लागतो.

त्याच वर्षी अजमेरला दंग्याचे सावट पडले आणि मुसलमान भयभीत झाले, तेव्हा विनोबा तेथे गेले. ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्गा शरीफमध्ये ते सात दिवस जात राहिले. मुस्लिम बांधवांच्या प्रार्थनेत बसले आणि आपल्या प्रार्थनेला त्यांना बोलावले. गांधीजींनी मृत्यूच्या तीन दिवस आधी, २७ जानेवारीला, मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यास जे जाणे केले होते, त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल होते. येथे त्यांचा कुराणाचा अभ्यास कामास आला. समोरचा माणूस आपले शब्द जाणतो हे भ्यालेल्या माणसाला लगेच कळते.

सगळेच जमले असे मात्र झाले नाही. पंजाबातून आलेल्या भूमिहीन हरिजन निर्वासितांना जमीन मिळावी म्हणून विनोबांनी खटपट केली. पंजाब सरकारने ती देण्याचे कबूल केले. राजघाटावरील शुक्रवारच्या प्रार्थनेत, राजेंद्रबाबूंच्या उपस्थितीत, विनोबांनी ही आनंदाची बातमी जाहीर करून सरकारचे अभिनंदनही केले. दीड-दोन महिन्यांत सरकारने शब्द फिरवला. रामेश्वरी नेहरू यांना सत्याग्रह करावासा वाटत होता. विनोबांनी तो सल्ला दिला नाही. देशाची तेव्हाची स्थिती पाहता त्या गरिबांचे त्याने भले होणार नाही, असे त्यांचे मत पडले. हा निर्णय बरोबर होता की नाही, यावर वाद होऊ शकेल. ज्यांची जमीन गेली त्यांना तो कडूच लागला असणार. पण ही बोच त्यांच्या मनातून गेली नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी, आपल्याच जुन्या हैदराबाद राज्यातील नलगोंडा जिल्ह्यात, पोचमपल्लीच्या हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी सरकारकडे अर्ज न धाडता समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच विचारले आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. पंजाबातला अनुभव त्यांच्यापाशी होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

भूदानाची पुढील तेरा वर्षांची पायपीट सर्वश्रुत आहे. ती लांबवीत नाही. लाखो एकर जमीन मिळाली. त्यातली बरीच नापीक निघाली आणि पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५८ मध्ये पंढरपुरास त्यांनी मुस्लिम व ख्रिस्ती सोबत्यांसह विठ्ठलाचे दर्शन घेतले. १९६२ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून ते सोळा दिवस चालत गेले आणि तेथील लोकांकडूनही त्यांनी भूदान मिळवले. त्याच वर्षी कुराणातील निवडक वचनांचे त्यांचे संकलन प्रसिद्ध झाले. पाकिस्तानातील काही वृत्तपत्रांनी पुस्तक हाती येण्याआधीच त्यावर टीकेची झोड उठवली. प्रत्यक्ष पुस्तक पाहिल्यावर हा सूर बराच खाली आला. आणीबाणीतील त्यांची भूमिका अनेकांना पटली नाही. १९७९ मध्ये गोवधबंदीसाठी त्यांनी उपोषण केले, त्याविषयीही आपल्या वाचकांत मतभेद असतील. मोठ्या माणसाचे सर्वच मान्य करावे लागते असे नाही.

१९५७ मध्ये केरळात त्यांनी शांतिसेना स्थापन केली. आरंभी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच सैनिक होते. सप्टेंबर १९६९ मध्ये अहमदाबादेत दंगल उसळली, तेव्हा हे स्वयंसेवक तेथे गेले आणि काही महिने राहिले. जळक्या घरांचा ढिगारा उपसणे, छावणीतील मुस्लिम कुटुंबांना सोबत देऊन त्यांच्या गल्लीत परत नेणे, आणि त्याआधी गल्लीतील हिंदू शेजाऱ्यांकडे जाऊन बसणे, हे त्यांचे काम होते. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले. त्या छावण्यांतही शांतिसेनेची तरुण मुले राबली. झाडू, फावडे आणि वही-पेन्सिल घेऊन आलेल्या या मुलांची कायम नोंद ठेवणारे कोणी नव्हते.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, धाम नदीच्या काठी पवनारला विनोबा निवर्तले. त्यापूर्वी काही दिवस त्यांनी अन्न व औषध सोडले होते. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. मेवातचा हरियाणातील मोठा भाग २००५ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, २०१६ पासून त्याला नूह म्हणतात. घासेडा गाव त्याच जिल्ह्यात आहे, आणि तेथे मेव शेतकरी आजही आपली शेती करतात.