कर्मवीर अण्णा आणि रयतमाउली

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी लगेच कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव कळविले. कित्येक भगिनींना वाटेल, सातारा कोठे आणि आपला डोंगरकडा कोठे! पण गरजू मुलामुलींनी कॉलेजात रोज तास-दोन तास काम करावे, कोणी ग्रंथालयात, कोणी कार्यालयात, कोणी बागेत, आणि त्या मोबदल्यावर वह्यापुस्तकांचा नि जेवणाचा खर्च भागवावा, ही जी ‘कमवा व शिका’ची रीत आज महाराष्ट्रातील विद्यापीठांत रुळली आहे, तिचे मूळ भाऊरावांच्या बोर्डिंगात आहे. पुणे विद्यापीठाच्या योजनेला तर त्यांचेच नाव दिलेले आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापुराकडील कुंभोज गावी झाला. घराणे जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते, आईचे नाव गंगाबाई. भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात शिकू लागले व जैन बोर्डिंगात राहू लागले. तेथे एक प्रसंग घडला. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी साफ नाकारले. बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगचा कारभार अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता. पुढे १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले. त्यात ह्याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला. त्यांनी तुरुंगवास सोसला, पण साक्ष दिली नाही. ज्याने आपल्याला घालविले त्याच्यासाठी हे सोसले, ही गोष्ट मला त्यांच्या साऱ्या मानसन्मानांहून मोठी वाटते.

शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव हिंडले. नांगर विकता विकता त्यांनी खेडे पाहिले. ज्याच्या शेतात नांगर चालतो त्याच्या पोराला अक्षर येत नाही, हे रोज डोळ्यांपुढे होते. सत्यशोधक समाजाचे संस्कार होतेच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे बोर्डिंग सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

ह्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवीत. फी नव्हती, पण फुकटही काही नव्हते. पाणी भरणे, लाकडे फोडणे, शेतात राबणे, झाडलोट करणे, भाकरी थापणे, ही सगळी कामे मुलांनीच वाटून घ्यायची. भगिनींनो, भाकरीची गोष्ट लक्षात घ्या. ज्या काळी पुरुषाने चुलीपाशी बसणे हे कमीपणाचे मानीत, त्या काळी पाटलांची नि कुळंब्यांची पोरे पीठ मळीत होती. आपल्यापैकी किती जणींच्या घरी मुलगा आजही स्वतःचे ताट उचलतो?

आणि एक रीत होती मुष्टिफंडाची. घरच्या बाईने रोज दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावयाचे आणि ते जमवून बोर्डिंगला पोचवावयाचे. म्हणजे संस्थेच्या पायात पहिली ओंजळ पडली ती बायकांच्या हातची. त्या बायकांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

एका बाईचे नाव मात्र राहिले, ते लक्ष्मीबाईंचे. ह्या भाऊरावांच्या पत्नी, कुंभोजच्याच सधन पाटील घराण्यातल्या. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. नवऱ्याने घरात सर्व जातींची पोरे आणून बसविली, तेव्हा ते पचविणे त्यांना सोपे गेले नसेल. पण पुढे त्या मुलांना जेवू घालणे, दुखल्याखुपल्याला पाहणे हाच त्यांचा संसार झाला. पैसा नेहमीच अपुरा. एकेक करून अंगावरचे सोने मोडले गेले, आणि एकदा कोठीत धान्य उरले नाही तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. सौभाग्यवतीने मंगळसूत्र काढून द्यावे ह्याचा त्या काळी काय अर्थ होता, ते मी तुम्हांला निराळे सांगावयास नको. १९३० साली त्या वारल्या. पुढे भरलेली कॉलेजे त्यांनी पाहिली नाहीत. रयतेच्या शाळांत त्यांना रयतमाउली म्हणतात आणि शिक्षणासाठी कर्ज देणारी पतपेढी त्यांच्या नावाने निघाली, हे योग्यच झाले. तरी मला वाटते, भाऊरावांच्या चरित्रात त्यांच्या वाट्याला अजूनही एखादेच पान येते.

त्यानंतरचा विस्तार थोडक्यात सांगते. १९३२ मध्ये पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले, १९३५ मध्ये साताऱ्यास शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ह्या दोन्ही ठिकाणी श्रमाच्या बदल्यात शिक्षण हा नियमच होता. मुले माळरानावरचे दगड वेचीत, खणीत, पिके काढीत आणि उरलेल्या वेळी इतिहास नि गणित शिकत. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे नीग्रो मुलांकडून विटा पाडवून त्यांच्याच हातांनी शाळेच्या इमारती उभ्या केल्या होत्या. भाऊरावांची तुलना त्यांच्याशी नेहमी केली जाते. त्याच अमेरिकेत सरकारने १९६४ साली कायदा करून कॉलेजातील गरजू विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम देण्याची सोय केली. आमचे बोर्डिंग त्याआधी चाळीस वर्षे चालू होते.

आपल्या मराठवाड्यात ही लाट का पोचली नाही, असे कोणी विचारील. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, हैदराबाद दूर, आणि खेड्यातल्या पोराला वाट दाखविणारे कोणी नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मोकळे झालो आणि १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, तेव्हा कोठे कॉलेज आपल्या आवाक्यात आले. साताऱ्याला १९२४ मध्ये जे सुरू झाले, त्याची एक पिढी आपली बुडाली.

भाऊरावांच्या कामाचे मर्म कोठे आहे, ते सांगण्यासाठी आपल्याच मंडळातली एक हकीकत देते. मागे मंडळाने दोन मुलींची कॉलेजची फी भरली. समारंभात त्यांना व्यासपीठावर बोलावून पाकीट द्यावे असे ठरत होते. त्यांतल्या एकीची आई आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आली आणि मुलीचे नाव माइकवर घेऊ नका म्हणून विनवू लागली. पैसे हवे होते, पण गावापुढे हात पसरल्यासारखे तिला वाटत होते. आम्ही नाव घेतले नाही. परंतु ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. भाऊरावांच्या मुलाला अशी विनवणी करण्याची पाळी येत नसे. त्याने सकाळी पाणी भरलेले असे, भाकरी त्याची हक्काची असे. दान घेणाऱ्याची मान खाली जाते, मजुरी घेणाऱ्याची जात नाही, एवढा साधा फरक त्यांनी ओळखला होता.

ह्यावर एका मैत्रिणीने मला टोकले. मुली आधीच घरी धुणीभांडी, शेतात निंदणी करून कॉलेजला जातात, त्यांच्या माथी आणखी काम कशाला? तिचे म्हणणे खोटे नाही. पण घरच्या कामाचे तास कोणी मोजीत नाही आणि त्याचे पैसे मुलीच्या हाती पडत नाहीत. हजेरीपटावर नाव आणि ठरलेल्या तासांचा रोख मोबदला, ही वेगळी गोष्ट आहे. मात्र तास थोडेच असावेत आणि परीक्षेच्या दिवसांत काम अजिबात नसावे, हे मलाही पटते. साताऱ्याच्या मुलांचे कष्ट जसेच्या तसे आपल्या मुलींवर लादावयाचे नाहीत.

९ मे १९५९ रोजी पुण्यास भाऊरावांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते आणि पुणे विद्यापीठाने, सहावीत शिक्षण सुटलेल्या ह्या माणसाला, डी. लिट. दिली होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पांढरीशुभ्र दाढी, हे त्यांचे रूप शेवटपर्यंत बदलले नाही. आज रयतेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. वडाचे झाड हे तिचे बोधचिन्ह आहे.

जाता जाता कामाचे बोलते. आपल्याकडे केळी आहेत, हळद आहे. सुट्टीत मंडळाच्या खोलीत हळकुंडे निवडणे, हळद नि मसाल्याची पाकिटे भरणे, विक्रीचा हिशेब लिहिणे, एवढी कामे चार-पाच कॉलेजच्या मुलींना तासावारी देता येतील. फीसाठी ठेवलेली रक्कम मोबदल्यासाठी वळवावी, असा ठराव मी वार्षिक सभेसाठी चिटणीसबाईंकडे दिला आहे. सुचविणारी मी आहे. अनुमोदन अजून कोणाचे आलेले नाही. हजेरीपट ठेवण्याचे काम मी पत्करते.