इंजिनीअरला युद्धनौकेचा कॅप्टन का होता येत नव्हते? ॲडमिरल फिशर यांनी काय बदलले, समजून घ्या

ब्रिटिश ॲडमिरल जॉन ऊर्फ जॅकी फिशर म्हटले की १९०६ ची 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका आठवते. स्टीम टर्बाइनवर चालणारी ती पहिली बॅटलशिप. पण जहाजांच्या आधी फिशर यांनी माणसांच्या रचनेला हात घातला होता. ते काम जास्त अवघड ठरले.

कोण होते फिशर?

जन्म २५ जानेवारी १८४१, सिलोन म्हणजे आजचा श्रीलंका. १८५४ मध्ये, १३ व्या वर्षी ते रॉयल नेव्हीत दाखल झाले. तेव्हा शिडांचा जमाना होता. पुढे तोफा आणि टॉर्पेडो हे त्यांचे खास विषय झाले.

अडचण नेमकी काय होती?

१९ वे शतक संपताना युद्धनौका पूर्णपणे वाफेच्या इंजिनावर आल्या होत्या. अधिकाऱ्यांची विभागणी मात्र शिडांच्या काळातलीच होती. डेकवरचे 'एक्झिक्युटिव्ह' अधिकारी ब्रिटानिया या प्रशिक्षण नौकेवर शिकत, तर इंजिनीअर डेव्हनपोर्टच्या कीहॅम कॉलेजात. इंजिनीअरच्या बाहीवर सोनेरी पट्ट्यांमध्ये जांभळी पट्टी असे. जहाज त्याच्या भरवशावर चाले, पण जहाजाची कमान त्याला कधीच मिळत नसे.

योजना काय होती?

जून १९०२ मध्ये फिशर सेकंड सी लॉर्ड झाले. नौदलाचे मनुष्यबळ याच पदाकडे असते. डिसेंबरमध्ये नौदलमंत्री लॉर्ड सेलबोर्न यांनी नवी योजना जाहीर केली:

- एक्झिक्युटिव्ह, इंजिनीअर आणि रॉयल मरीन्स या तिन्ही शाखांसाठी १२-१३ व्या वर्षी एकच प्रवेश
- दोन वर्षे ऑस्बोर्न, दोन वर्षे डार्टमथ, मग समुद्रावर
- प्रत्येक कॅडेटला वर्कशॉपमध्ये यंत्रांचे काम सक्तीचे
- शाखेची निवड नंतर, सब-लेफ्टनंट झाल्यावर

सप्टेंबर १९०३ मध्ये ऑस्बोर्न सुरू झाले.

मग अडले कुठे?

अशाने धड खलाशीही तयार होणार नाही आणि धड इंजिनीअरही, असा जुन्या अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. दुसरा प्रश्न पैशांचा होता. पालकांना फी भरावी लागे. फी असेपर्यंत अधिकारी मोजक्या सधन घरांतूनच येणार, हे फिशर यांना खटकत होते. फी रद्द करण्याचा त्यांचा आग्रह मान्य झाला नाही. मरीन्सही पुढे योजनेतून बाहेर पडले.

मुख्य अडचण मात्र कॅडेटच्या हिशेबात होती. कमान डेकवरून मिळते हे दिसत असताना इंजिनरूम स्वतःहून कोण निवडणार? इंजिनीअरिंग घेणारे कमीच राहिले.

पुढे काय झाले?

१९०४ ते १९१० फिशर फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलप्रमुख होते. १९१४ मध्ये ते परतले, पण डार्डानेल्स मोहिमेवरून मे १९१५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १० जुलै १९२० रोजी त्यांचे निधन झाले. १९२१ मध्ये ऑस्बोर्न बंद झाले आणि १९२५ मध्ये इंजिनीअर पुन्हा वेगळ्या शाखेत गेले.

अखेर १९५७ मध्ये रॉयल नेव्हीने एक्झिक्युटिव्ह, इंजिनीअरिंग, इलेक्ट्रिकल आणि सप्लाय अधिकाऱ्यांची एकच 'जनरल लिस्ट' केली. फिशर यांच्या निधनाला तेव्हा ३७ वर्षे झाली होती. वर्ग एकत्र करायला एक आदेश पुरला होता, बाहीवरच्या पट्टीचा फरक मिटायला अर्धे शतक लागले.