एकांतातून लोकांताकडे

परतवाड्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या निळ्या रांगा उभ्या आहेत. या रांगांच्या पायथ्याने पूर्वेकडे जात राहिले, म्हणजे मोर्शी तालुक्यात सालबर्डी हे स्थान लागते. दाट झाडी, डोंगरातील गुहा आणि महादेवाचे जुने ठाणे यांमुळे तेथे मन आपोआप शांत होते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी या रानात एक तरुण साधनेसाठी येऊन राहत असे. पुढे त्याच्या खंजिरीच्या तालावर गावेच्या गावे जागी झाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, तेच हे तरुण साधक होत.

अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी १९०९ साली एका गरीब शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव बंडोजी, आईचे मंजुळा. मुलाचे नाव त्यांनी माणिक ठेवले. घरची गरिबी असल्यामुळे आणि ओढ भजनाकडे असल्यामुळे माणिकचे शाळेतील शिक्षण थोडक्यातच आटोपले. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्याचे गुरू. त्यांनीच माणिकला तुकड्या हे नाव दिले आणि पुढे लोकांच्या तोंडी तेच तुकडोजी झाले.

गुरूंच्या निधनानंतर तुकडोजींनी रानाची वाट धरली. रामटेक, सालबर्डी, गोंदोडा येथील अरण्यांत त्यांनी दिवसामागून दिवस घालवले. थंडीवारा, उपासतापास आणि हिंस्र पशूंचे भय यांची त्यांनी पर्वा केली नाही. अशा एकांतात मनुष्याला चुकवता न येणारा एकच सोबती असतो, तो म्हणजे स्वतःचे मन. तुकडोजींनी त्या मनाला ओळखण्याचा ध्यास घेतला.

रानातील ती शांतता त्यांना जन्मभर पुरली असती. तिच्यातच राहून ते समाधानाने आयुष्य कंठू शकले असते. परंतु डोंगराखालच्या गावांत अज्ञान होते, व्यसने होती, उच्चनीच भेद होता, रोगराई होती. आपल्याला लाभलेली शांती आपल्यापुरती ठेवावी, की ती घेऊन लोकांत जावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. तुकडोजींनी लोकांत जाण्याचा मार्ग निवडला. मात्र लोकांत येताना एकांताची सवय त्यांनी सोडली नाही.

१९३५ च्या सुमारास अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला. १९३६ मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्रामात, म्हणजे त्या वेळच्या शेगावात, ते महात्मा गांधींच्या सहवासात राहिले. गांधीजी दर सोमवारी मौन पाळीत. देशाच्या कारभाराचे केवढेही ओझे असले, तरी आठवड्यातील तो दिवस ते न बोलता घालवीत. रानात एकांत शोधणारे तुकडोजी आणि माणसांच्या गर्दीत मौन राखणारे गांधीजी यांची ही भेट मोठी अर्थपूर्ण होती.

तुकडोजी महाराजांनी ध्यानाला गुहेतून गावात आणले. पहाटे सर्वांनी एकत्र बसून सामुदायिक ध्यान करावे, मग गावाची सफाई करावी आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना करावी, असा क्रम त्यांनी घालून दिला. शेतकरी, मजूर, विद्यार्थी, स्त्रिया असे सर्वजण एकाच पंगतीत बसू लागले. प्रार्थनेच्या जागी कोणत्याही एका देवाची मूर्ती नसल्यामुळे कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण उरले नाही. ध्यानानंतर लगेच हाती खराटा घ्यायचा, यात मोठे मर्म होते. आधी मन झाडावे, मग अंगण झाडावे. मनाची सफाई झाली म्हणजे कामात भांडण आणि अहंकार शिरत नाही.

या शिकवणीची कसोटी १९४२ साली लागली. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात चिमूर व आष्टी येथे इंग्रजी सत्तेविरुद्ध जनता उठली. गोळीबार झाला, माणसे मेली, गावांवर दडपशाही झाली. तुकडोजींच्या भजनांनी लोकांत चैतन्य आणले होते, हे सरकार जाणून होते. त्यांना चंद्रपूर येथे अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. वर्षअखेरीस त्यांची सुटका झाली. त्या वेळी लोकांची मने दुःखाने व संतापाने भरून गेली होती. अशा समयी पुढाऱ्याच्या तोंडून निघालेला एक अविचारी शब्दही अनर्थ घडवतो. महाराजांनी लोकांच्या संतापाला सेवेचे वळण दिले. गावोगाव श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा निघाल्या. स्वच्छता, व्यायाम, व्यसनमुक्ती आणि अस्पृश्यतानिवारण ही कामे जोमाने सुरू झाली.

पुढे ग्रामसुधारणेचा सारा विचार त्यांनी ‘ग्रामगीता’ या एकेचाळीस अध्यायांच्या ग्रंथात सोप्या ओव्यांतून मांडला. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेतही त्यांची खंजिरी निनादली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. १९६२ व १९६५ च्या युद्धांच्या वेळी ते सीमेवर जाऊन जवानांना धीर देऊन आले. इतकी धावपळ असूनही पहाटेचे ध्यान आणि सायंकाळची प्रार्थना हा त्यांचा नेम होता. ज्याला पुष्कळांना मार्ग दाखवायचा असतो, त्याने आपला मार्ग रोज एकदा थांबून तपासावा लागतो, हे त्यांच्या आचरणातून दिसे.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात त्यांचे देहावसान झाले. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला त्यांच्या पुण्यतिथीसाठी हजारो माणसे मोझरीला जमतात. दिवसभर दिंड्या येतात, खंजिऱ्या वाजतात, भजनांचा गजर होतो. घड्याळात ४ वाजून ५८ मिनिटे होताच सारे आवाज थांबतात. म्हातारीकोतारी, तरुण, मुले, सारी जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. एवढ्या मोठ्या जनसमुदायात काही क्षण केवळ वाऱ्याची झुळूक तेवढी ऐकू येते. सातपुड्याच्या रानात एका तरुणाने एकट्याने शोधलेली शांतता त्या क्षणी सर्वांची झालेली असते.