चार्ल्स बूथ : भय आणि वास्तव यांची मोजणी

लंडनमधील गरिबीची रस्तोरस्ती मोजणी करणारे चार्ल्स बूथ यांचा जन्म ३० मार्च १८४० रोजी लिव्हरपूल येथे एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. थोरले बंधू आल्फ्रेड यांच्यासह त्यांनी जहाज कंपनी उभारली आणि तिची वाहतूक ब्राझीलपर्यंत नेली. १८७१ मध्ये त्यांचा विवाह मेरी मेकॉले यांच्याशी झाला. भारतातील इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासामुळे आपल्याला परिचित असलेल्या लॉर्ड मेकॉले यांच्या त्या पुतणी होत.

त्या काळी लंडनचा पूर्व भाग म्हणजे गुन्हेगारांचे आगर, अशी सुखवस्तू समाजाची समजूत होती. फेब्रुवारी १८८६ मध्ये बेकारांच्या सभेनंतर श्रीमंत वस्तीतील दुकाने फुटली. १८८८ मध्ये व्हाइटचॅपेलमधील हत्यांनी ही दहशत आणखी वाढवली. हिशेबाच्या वह्यांत वाढलेल्या बूथ यांना मात्र आकड्यांवाचूनची विधाने मान्य नव्हती. १८८६ मध्ये त्यांनी स्वखर्चाने पाहणी सुरू केली.

शाळेत जाण्याच्या वयाची मुले असलेल्या घरांना नियमित भेट देणाऱ्या शिक्षण मंडळाच्या निरीक्षकांकडून त्यांनी कुटुंबागणिक माहिती मिळवली. लोकसंख्येचे आठ वर्ग पाडले आणि नकाशावर प्रत्येक रस्ता रंगवला. संपन्न रस्ते पिवळे होते, तर व्यसनी व अर्धगुन्हेगार मानलेल्या वर्गाचे रस्ते काळे. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडातील निष्कर्ष धक्कादायक होता. पूर्व लंडनच्या सुमारे नऊ लाख लोकांपैकी ३५ टक्के दारिद्र्यात होते. ज्यांची भीती बाळगली जाई, तो वर्ग जेमतेम सव्वा टक्का, म्हणजे सुमारे ११,००० होता. अनियमित काम, तुटपुंजी मजुरी आणि आजारपण ही दैन्याची मुख्य कारणे ठरली. हा मूठभर वर्ग समाजाला लांच्छनास्पद असला, तरी त्याच्यापासून नागर जीवनाला धोका नाही, असे बूथ यांनी ठामपणे मांडले.

१८९७ पासून नकाशाची फेरतपासणी झाली. बूथ यांचे सहायक गस्तीच्या पोलिसांसोबत गल्लोगल्ली फिरले आणि त्यांनी नोंदवह्या भरल्या. येथेच या पद्धतीची मर्यादा दिसते. बूथ यांनी गुन्हे मोजले नाहीत, तर माणसांची प्रतवारी केली. आणि तीही बहुतांशी निरीक्षक व पोलीस यांच्या नजरेतून. काळ्या रंगाच्या गल्लीत राहणाऱ्या प्रामाणिक कुटुंबालाही तोच डाग लागला. अंधार पडल्यावर तेथील रहिवाशांना कोणत्या वाटेने जाण्याची धास्ती वाटते, हा प्रश्न या पाहणीचा विषयच नव्हता. पोलिसांकडील नोंदी, नागरिकांनी प्रत्यक्ष सोसलेले गुन्हे आणि त्यांना वाटणारी भीती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान पुढच्या शतकात आले. नागरिकांनाच थेट विचारणारी ब्रिटनची राष्ट्रीय गुन्हे पाहणी १९८२ मध्ये सुरू झाली.

बूथ यांचा ग्रंथ १९०३ पर्यंत सतरा खंडांचा झाला. वृद्धांना निवृत्तिवेतन मिळावे यासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. १९०८ मध्ये तसा कायदा झाला. २३ नोव्हेंबर १९१६ रोजी त्यांचे निधन झाले. एखाद्या वस्तीला बदनाम ठरवण्यापूर्वी तेथील माणसे मोजावीत, हा त्यांच्या कार्याचा वारसा आहे. आणि मोजताना त्या माणसांनाही विचारावे, हा त्यांच्या उणिवेतून मिळणारा धडा.

विचार करा : आपल्या परिसरात असुरक्षित मानल्या जाणाऱ्या एखाद्या ठिकाणाविषयीची समजूत कशावर आधारलेली आहे? ती पडताळण्यासाठी आपण कोणाला कोणते प्रश्न विचाराल?