चवदार तळ्याचा दावा आणि बॅरिस्टर बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवनचरित्र आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि ६ डिसेंबरच्या चैत्यभूमीवरील रांगेत ते पिढ्यानपिढ्या ऐकले जात आहे. तथापि या चरित्राची एक बाजू व्यासपीठावरून क्वचितच उलगडून सांगितली जाते. ती बाजू वकिलाची. महाडचे पाणी आपण सारे जाणतो. परंतु त्या पाण्यावरून दिवाणी न्यायालयात जवळजवळ दहा वर्षे चाललेला दावा फार थोड्यांना ठाऊक असतो. न्यायालयाचा निकाल आणि राजकारण यांचे नाते कसे असते, हे त्या दाव्याइतके स्पष्टपणे अन्यत्र दिसत नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही बाबासाहेबांचे जीवन त्या दाव्याच्या वाटेने सांगत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाई यांच्या पोटी जन्मलेले भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ पर्यंतचा त्यांचा हा अमेरिकेतील काळ न्यायालय आणि राजकारण यांच्या संघर्षाचा काळ होता. गुलामगिरीच्या अंतानंतर, १८६८ साली, अमेरिकेच्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती होऊन सर्वांना कायद्याचे समान संरक्षण मिळाले होते. परंतु १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेचे डबे वंशानुसार वेगळे ठेवणे हे त्या समानतेशी विसंगत नाही, असे ठरविले. घटनेतील वाक्य तेच राहिले आणि त्याच्या आश्रयाने वेगळेपणाच्या भिंती उभ्या राहिल्या.

बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये शिकत असतानाच, १९१५ साली, त्याच न्यायालयाने ओक्लाहोमा राज्यातील मतदानाची एक अट रद्द केली. ज्यांच्या पूर्वजांना जुन्या काळी मताधिकार होता त्यांना साक्षरतेच्या परीक्षेतून सूट, अशी ती तरतूद होती. गुलामांच्या वंशजांना ती सूट मिळणे शक्यच नव्हते. न्यायालयाने तरतूद रद्द करताच राज्याच्या विधिमंडळाने १९१६ मध्ये नवा कायदा केला. त्यानुसार जुन्या मतदारांची नावे आपोआप कायम राहिली; इतरांना नावनोंदणीसाठी जेमतेम बारा दिवस मिळाले. तो कायदा रद्द होण्यास १९३९ साल उजाडले. ज्यांच्या हाती विधिमंडळ नाही त्यांचा न्यायालयातील विजय किती सहज निष्फळ करता येतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

पुढे लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन बाबासाहेब १९२३ साली मुंबईस परतले आणि उच्च न्यायालयात वकिली करू लागले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देण्यास सॉलिसिटर मंडळी फारशी तयार नसत. तरीही त्यांच्या युक्तिवादाचा लौकिक लवकरच पसरला. १९२६ साली पुण्यात देशाचे दुश्मन या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर खटला झाला. खालच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावल्या. अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि ते निर्दोष सुटले. १९३४ मध्ये संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेथे मात्र त्यांना यश आले नाही. काळाच्या पुढे असलेला विचार न्यायाधीशाला पटतोच असे नाही, याचा अनुभव त्यांनी असा स्वतः घेतला.

आता महाडकडे वळू. १९२३ च्या ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. ठराव संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर हक्क आला. तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

तेव्हा बाबासाहेबांनी २५ डिसेंबरपासून पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. त्याच्या तोंडावर, १२ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला. तळे आमच्या वहिवाटीचे आहे, अस्पृश्यांनी त्याला कधीच स्पर्श केलेला नाही, म्हणून त्यांना कायमची मनाई करावी, अशी मागणी होती. दोन दिवसांत न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. चळवळ रोखण्यासाठी न्यायालयाचा आधार घेण्याची ही युक्ती होती. सत्याग्रह केला तर हुकूम मोडला म्हणून सरकारशी गाठ. न करावा तर हजारो प्रतिनिधींचा हिरमोड.

या प्रसंगी बाबासाहेबांनी जो निर्णय घेतला, तो आमच्या मते त्यांच्या सार्वजनिक जीवनातील अत्यंत कठीण निर्णयांपैकी एक होता. परिषदेतील बहुसंख्य प्रतिनिधी पाण्यावर जाण्यास उतावीळ होते. बाबासाहेबांनी त्यांना समजाविले की आपला झगडा सरकारशी नाही. हुकूम मोडून आपण प्रतिपक्षाच्या सापळ्यात पाऊल टाकू नये. सत्याग्रह तहकूब झाला. परंतु चळवळ तहकूब झाली नाही. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले आणि पुढे तळ्याभोवती पाण्याला स्पर्श न करता शिस्तबद्ध मिरवणूक निघाली. मनाई हुकूम पाण्याला हात लावण्यापुरता होता. विषमतेच्या मुळावर घाव घालण्यास त्याची आडकाठी नव्हती. हुकूम पाळूनही ध्येय न सोडण्याची ही रीत पुढे त्यांच्या साऱ्या राजकारणात दिसते.

तात्पुरता हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. मूळ दाव्याचा निकाल मात्र जून १९३१ मध्ये लागला आणि तो अस्पृश्यांच्या बाजूने होता. वादींनी ठाण्यास अपील केले. ते १९३३ च्या जानेवारीत फेटाळले गेले. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी दुसरे अपीलही फेटाळले. १९२२ साली अहमदाबादेत महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे ते हेच ब्रूमफील्ड. तळ्यावरील पहिल्या पाण्याच्या ओंजळीला दहा वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा तीन दिवस उरले होते.

निकालाचा आधार मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. तळे नगरपालिकेच्या ताब्यातील असून अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, एवढ्यावर निकाल उभा होता. तशी रूढी सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य म्हणून रद्द ठरली असती काय, या प्रश्नाचा निर्णय देण्याची गरज न्यायालयाला भासली नाही. म्हणजे आपण जिंकलो ते पुराव्यावर. माणसाने माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे हाच अन्याय आहे, असे कायद्याने अद्याप म्हटलेले नव्हते. दुसऱ्या गावी, दुसऱ्या तळ्यावर, दुसरा पुरावा पुढे आला असता तर निकालही दुसरा लागू शकला असता.

म्हणूनच न्यायालयाची ही लढाई चालू असताना बाबासाहेब राजकीय सत्तेच्या मागणीपासून क्षणभरही ढळले नाहीत. साउथबरो समितीपुढे त्यांनी १९१९ सालीच साक्ष दिली होती. पुढे गोलमेज परिषदा झाल्या. आपल्या पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेला पुणे करार त्यांना किती जड अंतःकरणाने स्वीकारावा लागला, हे सर्वश्रुत आहे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. सप्टेंबर १९३७ मध्ये, महाडचा निकाल लागून सहा महिने होताच, त्यांनी कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणण्याच्या कायद्याला चालना दिली. भोसरी, आकुर्डी आणि चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आमच्या पालकांच्या आठ तासांमागे त्या कायद्याची पुण्याई आहे.

संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाल्यावर महाडच्या दाव्याने उघडा ठेवलेला प्रश्न मिटविण्याची संधी आली. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरविला. अनुच्छेद १५ मध्ये तर विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. राज्यघटनेसारख्या गंभीर दस्तऐवजात विहीर आणि तलाव कशाला, असा प्रश्न एखाद्या परकीय अभ्यासकाला पडू शकेल. चवदार तळ्याची कहाणी जाणणाऱ्याला तो पडणार नाही. समानतेचे एक सर्वसाधारण वाक्य लिहून त्याचा अर्थ न्यायाधीशांवर सोडला की काय घडते, हे अमेरिकेने दाखवून दिले होते. आपल्या संविधानाने नेमके शब्द लिहिले. आणि हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची सोय करणारा अनुच्छेद ३२ बाबासाहेबांना संविधानाचा प्राण वाटत असे.

तरीही संघर्ष संपला नाही. मद्रास राज्यातील शैक्षणिक जागांची जातवार विभागणी सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५१ रोजी चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द केली. मागासवर्गीयांच्या शिक्षणाचा मार्गच त्यामुळे धोक्यात आला. कायदामंत्री बाबासाहेबांनी संसदेत सांगितले की निकाल पाळणे आपल्यावर बंधनकारक आहे, परंतु तो पटलाच पाहिजे असे बंधन नाही. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि मागासवर्गीयांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार अनुच्छेद १५(४) ने स्पष्ट झाला. १९२७ साली महाडमध्ये जे केले तेच त्यांनी दिल्लीत केले. हुकूम मोडला नाही, कायदा बदलला.

त्याच वर्षी हिंदू कोड बिलाची उपेक्षा झाल्यामुळे त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, पुढे भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही झाला. संविधानाच्या शिल्पकाराला लोकसभेत जागा नव्हती. मात्र कोलंबिया विद्यापीठाने १९५२ च्या जूनमध्ये त्यांना डॉक्टर ऑफ लॉज ही सन्माननीय पदवी दिली. मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात शाळांमधील वंशभेद घटनाबाह्य ठरविला. प्लेसीपासून ब्राउनपर्यंत ५८ वर्षे लोटली होती.

त्याच १९५४ सालच्या २५ डिसेंबरला बाबासाहेब आपल्या परिसरात, देहूरोडला आले. रंगूनहून आणलेल्या तथागतांच्या मूर्तीची त्यांनी तेथील विहारात प्रतिष्ठापना केली. मनुस्मृती दहनाला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षे झाली होती. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

धम्मदीक्षेने मनुष्यत्व दिले. परंतु कायद्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांना मात्र केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, थांबावे लागले. महाराष्ट्राने आपल्यापुरती सोय आधी केली. उरलेला हक्क मोर्चे, निवेदने आणि मतपेटी यांच्या बळावर संसदेकडून मिळवावा लागला.

आज मराठवाडा-विदर्भातून पिंपरी-चिंचवडला पोटासाठी आलेला पालक मुलाच्या जात पडताळणीसाठी गावी जातो आणि १९५० पूर्वीचा पुरावा शोधतो. शाळेच्या जुन्या दाखल्यावरील एका नोंदीवर मुलाचा महाविद्यालयीन प्रवेश अवलंबून असतो. महाडच्या दाव्यातही सारे पुराव्यावरच ठरले होते. म्हणून आमची पालकांना विनंती आहे की आजोबांचा दाखला, सातबारा, कोतवाल बुकातील उतारा जपून ठेवावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकील झाले आहेत त्यांनी वर्षातील काही दिवस या कामासाठी विद्यालयात यावे. आणि जे विद्यार्थी आज दहावी-बारावीत आहेत त्यांनी कायद्याच्या शिक्षणाचाही विचार करावा. संविधान हाती आहे. ते वाचणारा, त्यासाठी न्यायालयात उभा राहणारा आणि मतदानाला न चुकता जाणारा समाज आपण घडवावा.

जय भीम! नमो बुद्धाय!