सावित्रीबाई फुले यांची रुग्णसेवा

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली नायगाव येथे झाला. १८६३ मध्ये जोतीरावांसह त्यांनी निराधार विधवांच्या बाळंतपणासाठी आश्रयगृह उघडिले. पुढे पुण्यात प्लेग आला, तेव्हा रोग्यांस आप्तही भिऊ लागले. परंतु या वृद्ध मातेने डॉक्टर पुत्र यशवंत याच्याकडून हडपसरजवळ दवाखाना काढविला, व मुंढव्याच्या एका आजारी मुलास स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणिले. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या.

त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरी चांगल्या शोमरोन्याचे काम त्यांनी केले. कर्करोग तर स्पर्शाने लागतही नाही. मग अनुभवी परिचारिका ज्याचा हात धरून बसते, त्या चौसाळ्याच्या आपल्या बंधूचे ताट आम्ही वेगळे का ठेवावे?