आयझॅक रॉबर्ट्स

आकाशाचीं छायाचित्रें काढणारा मनुष्य विद्यापीठांतील पंडितच असावा, असें आमच्या पुष्कळ बालवाचकांस वाटत असेल. आयझॅक रॉबर्ट्स यांचा धंदा मात्र घरें बांधण्याचा होता. त्यांचा जन्म १८२९ सालीं वेल्स प्रांतीं झाला. लिव्हरपूल येथें उमेदवारी करीत असतां ते रात्रीच्या वर्गास जात. पुढें धंद्यांत द्रव्य मिळाल्यावर, १८८५ सालीं त्यांनीं २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण घेतली.

काम मोठें चिकाटीचें. पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बीणही ताऱ्यांमागून हळूहळू फिरवावी लागे, आणि जोडीच्या लहान दुर्बिणींतून एका ताऱ्यावर तासन्‌तास नजर ठेवावी लागे. शिवाय ढग नसावे, चंद्र नसावा, आणि इष्ट तेजोमेघ आकाशांत उंच असावा. असा योग वर्षांतून थोड्याच रात्रीं येतो. त्या आधींच हेरून ठेवाव्या लागतात.

२९ डिसेंबर १८८८ ची रात्र अशीच होती. अमावास्या तीन दिवसांवर होती. देवयानी तारकापुंजांतील तेजोमेघावर चार तास दुर्बीण रोखून त्यांनीं जें छायाचित्र घेतलें, त्यांत त्या धूसर ठिपक्याचे वळसे प्रथमच स्पष्ट दिसले. तेथें नवी सूर्यमाला घडत आहे, असा त्यांनीं तर्क केला. तो चुकला; ती आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी आकाशगंगा आहे, हें हबल यांनीं १९२३ नंतर दाखविलें. चित्र मात्र खरेंच होतें.

रॉबर्ट्स १९०४ सालीं वारले. त्यांच्या पत्नी डोरोथिया याही ज्योतिर्विद होत्या. पतीच्या छायाचित्रांचा संग्रह त्यांनींच पुढें प्रसिद्ध केला.